गोधडीवरचं काळं ठिगळ

नूतन बेटा,

तुझ्या सासूबाईंना घेऊन जळगावला निघालोय. डोळ्याचं ऑपरेशन उद्याच करू म्हणाले डॉक्टर. तू ड्युटीवर, म्हणून फोन केला नाही. वरण झाकून ठेवलंय, भाकरी तेवढी टाकून घे.

तुझ्या नेमबाजीचे छर्रे अडवायचा खोका मागच्या खोलीत तयार आहे. आधी त्यात केळीचं खोड भरायची अक्कल माझीच. छर्रे रुतायचे छान, पण चार दिवसांत ते कुजलं आणि घरभर वास सुटला. आता आत जाड लोखंडी प्लेट तिरपी बसवलीय, तोंड खाली करून, म्हणजे छर्रा आपटला की खालच्या रेतीत पडेल. पुढे गोधडी सैल सोडलीय. ती ताणू नको, छर्रा उलटा येईल. दाराला आतून कडी घाल आणि चष्मा लावल्याशिवाय बंदुकीला हात लावू नको.

गोधडी कुठून आली विचारशील. बंदुकीचं नाव काढलं की तोंड फिरवणारी तुझी सासू परवा म्हणाली, "या वासापरीस तिची बंदूक बरी," आणि पेटीतून स्वतःच ही गोधडी काढून दिली. वर तुला नेम धरायला मधोमध म्हणून काळं गोल ठिगळही तिनेच लावलंय. ते बरंच डावीकडे गेलंय. उसवू नको. गोधडीच जरा उजवीकडे सरकवून टांग, म्हणजे पट्टी सुटल्यावर तिला ते मधोमध दिसेल.

आबा