पाण्याचा अनुवाक

अक्का,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा चेहरा आठवू लागले की मध्येच माझ्या आईचा येतो. आवाज मात्र तसाच आहे, खालच्या पट्टीतला, दाराबाहेर जाऊ नये इतपत. धुळ्याच्या आपल्या गल्लीत शाळा सुटली की मी थेट तुमच्या स्वयंपाकघरात येते, दप्तर फळीखाली सरकवते, आणि तुम्ही दादर ज्वारीचं पीठ चाळता चाळता रुद्र सुरू करता. तुम्ही एकदा म्हणायचं, मी दोनदा. पुस्तक नाही, कारण तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमचे यजमान भिक्षुक होते. ते रोज सकाळी देवघरात म्हणायचे आणि भिंतीअलीकडे काम करताना ते तुमच्या कानात साचत गेलं. त्यांनी कधी शिकवलं नाही, आणि तुम्हाला येतं हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, असं तुम्हीच एकदा हसत सांगितलं होतं. शेजारच्या काकू दारातून डोकावून म्हणायच्या, "काय वं अक्का, पोरले भटजी बनाडी ऱ्हायनी का?" तुम्ही मान वर न करता म्हणायचात, "हो. तुझ्या नातवाचं लग्न हीच लावणार आहे."

रुद्रात अकरा अनुवाक, म्हणजे अकरा भाग असतात, हे मला फार उशिरा कळलं. तुमच्याकडे आकडे नव्हते, कामं होती. पहिला डाळ निवडायचा, लांब आणि सावकाश. पुढे कुठेतरी कणीक मळायचा, मग वांगी भाजायचा. वांग्यांनंतर पाण्याचा. "याला शब्द नाहीत," तुम्ही म्हणालात. "उठायचं, तांब्या भरायचा, समोर ठेवायचा, मग पुढचं." एकदा कंटाळून मी बसल्या जागीच पुढचा भाग सुरू केला तर तुम्ही चाळणी खाली ठेवलीत. "ऊठ. पाणी भरल्याशिवाय पुढं जायचं नाही. गाडी चुकतेय का तुझी?" त्या दिवशी तुम्ही मला पुढचं शिकवलंच नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा तुम्ही तोच तांब्या चिंचेने घासून, फडक्यात गुंडाळून मला दिलात.

तो इथे जळगावात माझ्याजवळ आहे. मी एका वर्तमानपत्रात आयुष्य काढलं, बहुतेक सगळं उपसंपादकाच्या टेबलावर. बातमीतला एखादा परिच्छेद गळला तर पान छपाईला जाण्याआधी मला तो जाणवायचा, कुठे ते सांगता आलं नाही तरी. आणि रोज सकाळी अंघोळीनंतर मी तुमचं रुद्र म्हणत होते, वांग्यांनंतर उठत होते, पाणी भरत होते. देवळांत भटजी म्हणायचे तेव्हा घंटा, गर्दी, चपलांची काळजी. मी कधी लक्ष देऊन ऐकलं नाही. इतकी वर्षं.

निवृत्तीनंतर कॉलनीतल्या सात बायकांनी हट्ट धरला, ताई, आम्हाला शिकवा, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सगळं एकत्र म्हणू. मी शिकवलं, तुमच्यासारखंच, एकदा मी आणि दोनदा त्या. पाण्यापाशी आले आणि म्हणाले, याला शब्द नाहीत. सहा जणींनी ऐकून घेतलं. सातवी बँकेत अधिकारी होती. तिने पिशवीतून छापील पुस्तिका काढली आणि चष्मा लावला. "ताई, इथे दोन पानं आहेत. सातवा आणि आठवा. आठव्यात तर खुद्द शिवाचं नाव घेऊन नमस्कार आहे. बाकी सगळं त्याच्यासाठीच, असं माझे सासरे म्हणायचे." कोणीतरी म्हणालं, "पेपरवाल्या ना त्या. जाहिरात आली असेल, दोन पानं कापली." सगळ्या हसल्या. मीही हसले. मग बँकवालीने विचारलं, "तुमच्या गुरूंना येत नव्हतं का?" मी म्हणाले, "त्यांची पद्धत वेगळी होती."

त्या संध्याकाळी तशीच पुस्तिका विकत आणून ती दोन पानं वाचत बसले होते तेव्हा मला मे महिन्यातली एक सकाळ आठवली. आई आजारी होती म्हणून मी तुमच्याकडे झोपायला आले होते. देवघरातून तुमच्या यजमानांचा, म्हणजे आमच्या आजोबांचा, आवाज येतोय, तुम्ही चुलीवर वांगं फिरवताय, आणि गल्लीतून काकू ओरडतात, "अक्का, नळ उना वं!" तुम्ही वांगं तसंच टाकून दोन हंडे उचलता आणि पळता. पाणी थोडाच वेळ यायचं. तुम्ही परत येता तेव्हा पदर ओला आहे आणि आजोबा बरेच पुढे गेले आहेत. असं रोज होत असणार. संसाराच्या सगळ्या सकाळी.

अक्का, तुम्हाला माहीत होतं का? मध्ये काही आहे, पण ते आपल्या कानापर्यंत आलं नाही, हे माहीत असून तुम्ही मला शब्द नाहीत म्हणालात? की तुम्हाला खरंच वाटायचं की तिथे पाणीच भरायचं असतं, कारण तुमच्यापुरतं ते तसंच होतं? मी न उठता पुढचं म्हटलं त्या दिवशी इतक्या का रागावलात, त्याचाही आता मला दोन्हीकडून अर्थ लागतो. आयुष्यभर दोन बाजू ऐकून मधलं काहीतरी लिहीत आले. इथे मधलं काही सापडत नाही. बायकांना खरं सांगितलं तर तुम्ही अर्धवट शिकलेल्या ठरता. नाही सांगितलं तर मी सात जणींना अर्धवट शिकवते, आणि त्या पुढे आणखी कोणाला.

काल तो सोमवार झाला. मी त्यांना म्हणाले, ती दोन पानं पुस्तिकेतून म्हणा. नळाचं काही सांगितलं नाही. त्या नीट म्हणाल्या असाव्यात. "असाव्यात" म्हणते, कारण वांग्यांचं संपलं तशी मी उठले, तुमचा तांब्या घेतला आणि स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा त्या नवव्यावर होत्या. जाताना बँकवाली माझ्याजवळ थांबली आणि म्हणाली, "पुढच्या वेळी आम्हीही उठायचं का?"

हे पत्र मी घडी घालून पुस्तिकेतल्या त्याच दोन पानांमध्ये ठेवते आहे. दुसरं कुठे पाठवणार. एक गोष्ट मात्र त्या सात जणींना सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. तांब्या केव्हाच भरला होता, काठावरून वाहत होता. नळ बंद केला असता तर बाहेरचं सगळं ऐकू आलं असतं. मी तो बंद केला नाही.