सिद्धीचा राहिलेला विषय

२४ नोव्हेंबर १९८६, पेडणे

परत नापास! मार्चमध्येही गणित, ऑक्टोबरमध्येही गणित. बाकीचे विषय केव्हाच सुटले, हा एकच मानगुटीला बसलाय. निकाल कळला तसे हे उठून दुकानात गेले, जेवायलाही आले नाहीत. सिद्धी मात्र विहिरीवर कपडे धूत होती, रोजच्यासारखी. मला वाटलं होतं रडेल. नाही रडली.

डिचोलीला आता काय सांगायचं? तारावन्संनी सख्ख्या भाचीसाठी म्हणून एवढं स्थळ आणलं. खनिजाचे स्वतःचे ट्रक. मुलगा देवेश, सुपारीचंही व्यसन नाही. फक्त त्याच्या आईचा एक हट्ट, सून मॅट्रिक झालेलीच हवी — "आमकां मॅट्रिक पास सून जाय. पास जाली की साखरपुडो, तुळशीच्या लग्नामागीर लगीन." मे महिन्यात सिद्धीला अठरा पूर्ण होतील. ती माणसं तरी किती थांबणार!

शाळा सुटली, आता घरी बसूनच परीक्षा. शिकवणी लावायलाच हवी. पण गणिताला पेडण्यात आहे कोण?

२८ नोव्हेंबर

शाळेतल्या गणिताच्या सरांकडे गेले. ओसरीभर मुलं बसलेली, चपला काढायला जागा नाही. म्हणाले, "वहिनी, आणखी एकीला कुठं बसवू?" मग अंगणापर्यंत पोचवायला आले आणि हळूच म्हणाले, "नववीपर्यंत सिद्धीचं गणित वर्गात पहिलं असायचं. काय झालं तिला?"

मला कळलं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते!

३ डिसेंबर

बसनं हळर्णला, भिकाजी मास्तरांकडे. ह्यांना लहानपणी त्यांनीच शिकवलं. प्रेमानं बसवलं, पोहे दिले. पुस्तक उघडलं आणि चष्मा वर करून सिद्धीलाच विचारतात — "ह्यो संच म्हणजे कसलो गो, बाय? आमच्या वेळार हें नव्हतें." सिद्धीनं सांगितलं. मास्तर मान डोलवत ऐकत राहिले. शिकवणार कोण आणि शिकणार कोण! आलो तसे परत.

बसमध्ये तिला म्हटलं, काहीतरी बोल गो. म्हणाली, "आई, तू उगाच पायपीट करतेस."

२१ डिसेंबर

बसेस बंद. रस्त्यावर झाडं आडवी घातलीत. चोपड्याची फेरीबोटसुद्धा थांबली म्हणतात. गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी — घराघरात तेच. हे मराठीच्या मोर्चाला गेले ते संध्याकाळी बाही फाटलेला शर्ट घेऊन आले. कुणी ओढलं, कुठं पडले, सांगत नाहीत. मी तो शिवायला बसले.

सगळा गोवा पेटलाय आणि मला रडू येतं ते परीक्षेच्या काळजीनं. लाज वाटते. पण येतं.

९ जानेवारी १९८७

एक नाव मिळालं! चोपड्याची कमलाक्षी. बी. एस्सी. आहे, नदीपलीकडच्या हायस्कुलात गणित शिकवते, संध्याकाळी घरी दोन-चार मुलींना घेते. सगळे म्हणतात, तिच्या हाताखालची मुलगी नापास होत नाही.

पण तिचा भाऊ कोकणीच्या बाजूनं भाषणं करत फिरतो. ह्यांना भीतभीतच सांगितलं. झालं! "त्या घरात? माझी मुलगी?" थोड्या वेळानं पुन्हा — "आणि ती स्वतः तिशी उलटली तरी बिनलग्नाची! हिला काय शिकवणार?"

"गणित," मी म्हटलं.

माझ्याच तोंडून गेलं, मीच घाबरले. हे चपला घालून दुकानात निघून गेले. म्हणजे हो.

१२ जानेवारी

शिकवणी सुरू. कमलाक्षीचं घर अगदी नदीकाठी. बाई सडसडीत, मोठ्या आवाजाची. एक दिवसाआड जायचं. देवा रवळनाथा, ह्या वेळी तरी!

५ फेब्रुवारी

काल विधानसभेत कोकणी राजभाषा झाली. मराठीलाही जागा आहे म्हणे, पण ह्यांना ते पटत नाही. सकाळी पोदेर आला तर पावही घेऊ देईनात, तो कोकणीवाला म्हणून. दुपारी म्हणाले, "आजपासून चोपड्याला जायचं नाही."

सिद्धीनं दप्तर निमूट खुंटीला लावलं. वाद नाही, काही नाही. ह्या मुलीला स्वतःची काळजीच नाही का? सगळी मीच करायची?

१० फेब्रुवारी

आज काय झालं! दुपारी हे जेवून ओसरीवर बसले होते आणि फाटकातून कमलाक्षी आत! छत्री मिटली आणि सरळ ह्यांच्या समोर. माझ्या हातातलं ताट पडायचं बाकी होतं.

"कृष्णनाथबाब, भाशेचें झगडें आमी मागीर सावकाश करुया. तुमच्या चेडवाची परिक्षा लागीं पावल्या. ती फाल्यां येतली मगे?" उद्या मुलीला पाठवा, असं सरळ तोंडावर!

ह्यांचा चेहरा लाल. मला वाटलं, आता ओरडणार. पण दारी आलेल्या बाईला ओरडायचं कसं? बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग आत बघून म्हणाले, "चहा टाक. बाई उन्हातून आल्यात."

ती गेल्यावर म्हणाले, "भावापरीस बहीण भारी." आणि हसले! मोर्चानंतर पहिल्यांदा.

१४ मार्च

 नीट लिहिते.

मी आज सिद्धीला आणायला लवकर गेले. अंगणात कमलाक्षी उभी होती. मला बघून तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि जनेलाकडे खूण केली. मी जनेलातून आत पाहिलं. पूजा म्हणून एक नववीतली मुलगी रडवेली होऊन बसली होती आणि सिद्धी तिला भूमिती समजावत होती. "अगो, घाबरू नको. हा कोन आणि तो कोन सारखे. मग उरला कोणता? तूच सांग." तोंडानं बोलत होती आणि पुस्तकात न बघता आकृती काढत होती. माझी सिद्धी! दोनदा नापास!

कमलाक्षी मला माडाखाली घेऊन गेली. "वयनी, हिका म्हजी गरज ना. हिका सगळें येता. पेपरांत दर गणित शेवटाक चुकयता. एकदां न्हय, दर फावट. इतलें चुकूंक गणित बरें येवंक जाय." म्हणजे पोरगी मुद्दाम चुकत होती!

"कित्याक पण?" मी विचारलं.

"तें तिका विचार. म्हाका सांगलां तिणें, पण तें म्हज्या तोंडांतल्यान नाका."

वाटेत विचारायचा धीर झाला नाही. बसमध्ये ती खिडकीशी, मी तिच्याकडे बघत.

१५ मार्च

हे दुकानात गेल्यावर विचारलं. तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

"पास झाले की तुम्ही मला देणार. तुमचं ठरलंय. मग नापासच बरी."

देवेश वाईट आहे का? नाही म्हणाली. तो तिला एकदा भेटला, एक शब्द बोलला नाही, ट्रकचा हिशेब सांगत बसला बाबांना. दुसरं कोणी मनात आहे का? तेही नाही. "मला म्हापशाच्या कॉलेजात जायचं होतं. मी बाबांना म्हटलं होतं, तुला आठवतंय? ते म्हणाले, आधी पास हो. आणि दुसऱ्याच आठवड्यात तारा आत्या स्थळ घेऊन आली. मला कोणी विचारलंच नाही, आई."

खरंच, मी विचारलं नव्हतं. दारोदार फिरले, सगळ्यांना विचारलं — सरांना, मास्तरांना, कमलाक्षीला. तिला नाही.

म्हटलं, "ह्या वेळी पेपर नीट लिही."

"आणि मग?"

"मग माझ्यावर सोड."

बोलून तर बसले. पण माझ्यावर सोडून काय होणार? ह्या घरात माझ्या शब्दानं आजवर काय ठरलंय? आमटीत खोबरं किती, तेवढंच.

३ एप्रिल

गणिताचा पेपर झाला. कसा गेला विचारलं तर म्हणाली, "लिहिला." शेवटची पायरी बरोबर लिहिलीस ना — हे विचारायला जीभ रेटली नाही. तिचा माझ्यावर विश्वास बसला असेल का? मी तिच्या जागी असते तर माझा बसला असता?

५ मे

शिरगावच्या जत्रेहून आले. लइराई देवीच्या पायांशी उभी राहिले, पण मागणं काय मागायचं तेच सुचेना. येताना डिचोलीला तारावन्संकडे एक दिवस राहिले. जीव थकलाय. आज एवढंच.

३० मे

गोवा राज्य झालं! बाजारात फटाके, दुकानांवर तोरणं. हे सुद्धा सगळं विसरून लाडू वाटत फिरत होते.

आणि त्यातच तारावन्संचा निरोप आला — देवेशचं लग्न साखळीच्या एका मुलीशी ठरलं. हे लाडवांचं ताट घेऊन तसेच उभे राहिले. "कुणी कान भरले त्यांचे? कुणी?" मी चुलीकडे वळले. सिद्धी माझ्याकडे बघत होती, बघतच राहिली.

१२ जून

सिद्धी पास! गणितात शंभरात ब्याण्णव.

देवेशच्या आईला मीच भेटले होते, जत्रेहून येताना. म्हटलं, "पोरगी औंदाही नापास होणार, आमच्यासाठी थांबू नका."

हे पेढे आणायला धावत गेलेत. आले की मी काय केलं ते सांगणार आहे, आणि म्हापशाच्या कॉलेजचंही — पेढा तोंडात घालायच्या आधी.