दोन्हीला चालेल अशी गिटार

४ मार्च, सोमवार

शनिवारच्या नोंदीत दोन चुका आहेत. आधी त्या दुरुस्त करते, नाहीतर पुढचं लिहवणार नाही.

एक – त्या लालसर गिटारची मान टोकाला त्रेचाळीस मिलिमीटर रुंद असं लिहिलंय. पट्टी मी शून्यापासून धरली नव्हती. चव्वेचाळीस आहे. एका मिलिमीटरने काय होतं? सगळं होतं! सहा तारा तेवढ्याच जागेत बसवायच्या असतात.

दोन – ‘आई दुकानात कंटाळली’ असं लिहिलंय. ती तसं म्हणाली नव्हती. मी विचारलं, “कंटाळलीस?” ती म्हणाली, “नाही गं, तू बघ. मी आहे.” आणि गिटारी टांगलेल्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. कंटाळली हा माझा निष्कर्ष. ऑफिसात कुणी अर्जात असा निष्कर्ष लिहिला असता, तर त्रुटीचा शिक्का मारून परत पाठवला असता मी.

५ मार्च, मंगळवार

आज गिटारचा वर्ग. सरांनी फर्मान काढलं – वर्गाच्या गिटारी घरी न्यायची सवलत आता या महिन्यापुरतीच. एकतीसला सगळ्या परत. एप्रिलपासून ज्याची त्याची स्वतःची. नसेल त्याची जागा यादीतल्या पुढच्याला.

म्हणजे गिटार निवडायला माझ्याकडे सव्वीस दिवस आहेत. गेले चार महिने पुरले नाहीत, त्यात सव्वीस दिवसांची काय कथा!

अडचण लिहून काढते, म्हणजे डोकं शांत होईल. बोटांनी एकेक तार छेडायची, म्हणजे फिंगरपिकिंग, तर मान रुंद हवी, पोट लहान हवं. प्लेक्ट्रमच्या टिकलीने सगळ्या तारा एकदम झोडायच्या, म्हणजे स्ट्रमिंग, तर पोट मोठं हवं, आवाज खोलीभर व्हायला हवा. मला दोन्ही करायचंय. वर्ग सुटल्यावर सरांना विचारलं, दोन्हीला चालेल अशी कोणती? त्यांनी डोक्यावरचा केसांचा बुचडा सोडला, पुन्हा बांधला, आणि म्हणाले, “दोन डगरींवर पाय ठेवू नकोस. आधी तू कोण आहेस ते ठरव.”

मी अर्ज तपासनीस आहे, सर.

सध्या मला दोन कॉर्ड, म्हणजे तारांवरच्या बोटांच्या दोन पकडी, येतात. पहिल्यावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत ऐकणारा चहा पिऊन परत येऊ शकतो.

७ मार्च, गुरुवार

तक्ता पूर्ण. एकोणीस गिटारी, तेवीस रकाने. दादाने खांद्यावरून वाकून बघितलं. “बापरे! मुलगा बघतेयस की गिटार?”

“चूक नको व्हायला.”

“आणि झाली तर?”

झाली तर! स्कूलबस चालवणाऱ्याला विचारायला काय जातंय. घरात शिकलेली मी पहिली. दादा चौथीनंतर गेला नाही, आईने शाळेचं फाटकही बघितलं नाही. औषधाच्या पुडीपासून मिक्सरच्या वॉरंटीपर्यंत सगळे कागद माझ्यापुढे येतात. ‘तिला दाखव, ती सांगेल.’ जिला सगळे विचारतात, तिने चुकीची गिटार घरी आणली, तर पुढच्या वेळी औषधाची पुडी दाखवतील का?

९ मार्च, शनिवार

पुन्हा दुकानात. एकटीच गेले. आई म्हणाली होती, “मी येऊ?” मी म्हटलं, “कशाला उगाच, तुझे बटणं लावायचे शर्ट राहतील.”

दुकानदार हसतमुख माणूस. कोणतीही गिटार दाखवली की म्हणतो, “दोन्हीला फर्स्ट क्लास, ताई!” भलं मोठं पोट असलेली दाखवली. “दोन्हीला फर्स्ट क्लास!” अरुंद मानेची दाखवली. “दोन्हीला!” शेवटी मी कोपऱ्यातला ढोल दाखवला. त्याने ढोलावर एक टिचकी मारली. “हा... स्ट्रमिंगला कमी पडेल, ताई.”

निदान एक प्रामाणिक उत्तर मिळालं.

११ मार्च, सोमवार

घरी आणलेल्या वर्गाच्या गिटारची जाड तार सुरातून खाली उतरलेली. शनिवारी मी स्वतः लावली होती. परत लावली.

१२ मार्च, मंगळवार

परत उतरलेली! सरांना सांगितलं. सर डोळे मिटून म्हणाले, “हवा. लाकूड श्वास घेतं.” मग पाच मिनिटं लाकडाच्या श्वासावर बोलले. शिकवायला वेळ उरला नाही.

१३ मार्च, बुधवार

हवेतला दमटपणा मोजायचं यंत्र आणलं. गिटारशेजारी ठेवलं. सकाळ-संध्याकाळ नोंद करणार.

१५ मार्च, शुक्रवार

दमटपणा तसाच. तार उतरलेली. शिवाय गिटारच्या पोटात निळा दोरा सापडला – वीतभर, शिवणकामाचा. आई घरीच शर्टांना काज-बटण करते, गठ्ठे गिटारच्या बाजूलाच पडलेले असतात. दोरा उडून गेला असणार. आईला नीट समजावलं की वाद्य नाजूक असतं, गठ्ठे लांब ठेवत जा. तोंडातली सुई न काढता “बरं” म्हणाली. वहिनी आत जाऊन हसली. कशाला हसली, कळलं नाही.

१८ मार्च, सोमवार

ऑफिसात आज सत्तावीस अर्ज परत पाठवले. मोठ्या बाई म्हणाल्या, “तुझ्या टेबलावरून जिवंत सुटतो तो अर्ज खरा!” मला ते कौतुक वाटलं होतं. घरी येताना शंका आली.

तक्त्यात सहा गिटारी उरल्यात. सहाही मधल्या पोटाच्या. प्रत्येकीत काहीतरी खोट आहेच.

२० मार्च, बुधवार

सावकाश लिहायला हवं. जे झालं तेच, त्याच क्रमाने.

ऑफिसात वीज गेली, दोन वाजता सोडलं. घरी आले. जिन्याच्या पहिल्या वळणावर गिटार ऐकू आली. वाटलं शेजाऱ्यांचा रेडिओ. दुसऱ्या वळणावर कळलं, आवाज आमच्या दारातून येतोय.

कॉर्ड नव्हती. एकेक तार. जाड तार अंगठ्याने, अगदी सावकाश, एका ठेक्यात – आणि वर बारीक तारांवर दोन-दोन सुरांची चाल. जाड तार बरीच खाली उतरवलेली, घुमत होती. दार अर्धवट उघडं होतं. आई खाटेवर बसलेली, गिटार मांडीवर जवळजवळ आडवी, शर्टाचा गठ्ठा बाजूला. काज भरताना दोरा ओढते तशीच बोटं – ओढायची, सोडायची. घट्टे पडलेली बोटं. तार टोचत नाही तिला. मला अजून टोचते.

ती चाल मी कधी ऐकलेली नाही. तिचीच असावी. संध्याकाळी मी तेच दोन कॉर्ड घासत बसते तेव्हा ती शेजारी बटणं लावत असते. तेवढंच काय ते तिचं शिक्षण. वहिनी ओट्यापाशी उभी होती, कणीक मळता मळता म्हणाली, “आई, मघाचं पुन्हा घ्या ना. ते वर जातं ते.” म्हणजे ही रोजची बैठक!

आईने पुन्हा घेतलं. वर जाताना एक सूर चुकला.

आणि माझं तोंड उघडलं. ‘अगं, मधलं बोट’ – एवढं जिभेवर आलं होतं. शप्पथ. इतकं सुंदर ऐकून माझ्या तोंडात पहिलं काय आलं, तर दुरुस्ती.

तोंडावर हात ठेवून तशीच खाली उतरले. पाच वाजेपर्यंत बस थांब्यावर बसले. घरी गेले तर गिटार जागेवर, गठ्ठे लांब, आई म्हणाली, “सुटलं ऑफिस?” मी म्हटलं, “हो, नेहमीच्याच वेळेला.” खोटं.

२१ मार्च, गुरुवार

दादाला गाठलं, बसजवळ. तो काचा पुसत होता. “आई गिटार वाजवते?”

“कळलं का?” फडकं पिळलं. “महिना दीड महिना झाला असेल.”

“मला का नाही सांगितलं कुणी?”

“आईने बजावलं होतं. म्हणाली, तिला सांगू नका, ती चुका काढेल.”

मी म्हटलं, मी कधी आईच्या चुका काढल्या?

दादा हसला नाही. ते जास्त वाईट. “मॅडम, तू सहावीत होतीस. आईला लिहायला शिकवणार म्हणून पाटी घेऊन बसलीस. दिवसभर काम करून बिचारी रात्री दोन ओळी काढायची. तू सकाळी त्यावर लाल खडूने फुल्या मारून ठेवायचीस. चौथ्या दिवशी तिने पाटी माळ्यावर टाकली.”

मला आठवतं ते वेगळं. मला आठवतं, आईला आवड नव्हती. सगळ्यांना मी तेच सांगत आले. कॉलेजात निबंधातही लिहिलं होतं! बक्षीस मिळालं होतं त्याला.

जाताना ओरडून म्हणाला, “आणि एक. एकतीसला ती गिटार परत जाणार ना? तुला काय, तुला तक्ता आहे. आईने दुपारी काय करायचं?”

२२ मार्च, शुक्रवार

रकाना चोवीस: ‘कुणासाठी?’ असा नाहीच माझ्या तक्त्यात.

आज जाड तार उतरलेली होती. लावली नाही.

२३ मार्च, शनिवार

दमट हवेचं यंत्र वहिनीला दिलं, तिला चालेल म्हणून. “हे करतं काय?” “हवेवर संशय घेतं.” वहिनी बराच वेळ हसली. मग हळूच म्हणाली, “वन्सं, आईंना बोलू नका हं काही.” मला! बोलू नका म्हणून हात जोडायची पाळी आणली मी यांच्यावर.

२४ मार्च, रविवार

सकाळभर आईशेजारी बसले. बटणं निवडून दिली. अर्धा तास जमवून मग विचारलं, “आई, त्या दिवशी दुकानात तुला कोणती आवडली होती?”

“मला काय कळतंय त्यातलं.”

“तरी.”

तिने सुईत दोरा ओवला. दोन बटणं लावली. मला वाटलं, विषय संपला.

“खालच्या ओळीतली तिसरी,” म्हणाली. “काळसर. छोट्या पोटाची. मुलं वाजवून बघत होती ना, तेव्हा तिचा आवाज सगळ्यात शेवटी विझला.”

ती माझ्या तक्त्यात आहे. सातव्या क्रमांकावर. बाद. शेरा – ‘मोठ्याने झोडायला आवाज अपुरा.’ जीभ दातांत धरली. खरंच धरली, दुखतेय अजून. मग म्हटलं, “हो? मी नीट ऐकलंच नव्हतं तिला.”

हे मात्र शंभर टक्के खरं आहे. मी सगळ्या मोजल्या. ऐकली एकही नाही.

“पण तुला ती दुसऱ्या पद्धतीने पण वाजवायचीय ना,” आई म्हणाली, “झोडून.”

“मी हळू झोडेन.”

आईने पहिल्यांदा मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे बघितलं. तिला कळलं असावं की मला कळलंय. मग म्हणाली, “ते चार भोकांचं बटण दे.” दिलं.

दुपारी सरांना फोन केला. म्हटलं, एका गिटारवर दोघींनी शिकलं तर? “दोघी म्हणजे?” मी सांगितलं. वयाची अट नाही म्हणाले. मग, “त्यांना आधी ठरवावं लागेल, त्या कोण आहेत –” मी म्हटलं, सर, ते तिचं ठरलेलं आहे.

२५ मार्च, सोमवार

उद्याच्या अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. मोठ्या बाईंनी चष्मा वर करून वाचला. “कारण: आईचं शिक्षण? अगं, भाचीचं असेल, भावाचं असेल. तुझ्याकडून अशी चूक! खोड आणि नीट लिही.”

म्हटलं, बाई, बरोबर आहे ते. शिक्का मारा.

दुपारी तीनला आईबरोबर दुकान, सहाला दोघींचा वर्ग. उद्या. मंगळवार, २६ मार्च.