भिंतीवरची भीमा आणि चौकातला फळा

आज रोजी सोलापूर मुक्कामी हे मृत्युपत्र लिहून ठेवणार मी, केसरबाई यशवंत सर्वगोड, वय ६७, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार जुळे सोलापूर. आडनाव सर्वगोड असले तरी जीभ तशी नाही, याची नोंद वारसांनी, शेजाऱ्यांनी आणि माझ्या सर्व माजी वरिष्ठांनी पूर्वीच घेतलेली आहे.

मी हे राजीखुशीने, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉ. श्रीशैल यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखला देण्यापूर्वी त्यांनी मला आजचा वार विचारला, मग देशाचा कारभार कोणाच्या हाती आहे ते विचारले. मी म्हटले, नाव सांगते, पण खाली शेरा लिहू का? ते म्हणाले, "शेरा नको बाई, एवढ्यावर शुद्ध आहे हे कळलं."

मला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. डॉक्टर हे मला सांगायला कचरत होते. माझ्या मुलाने, सुमितने, ते फोनला विचारले. फोन कचरला नाही. उरलेले महिने, होणारे त्रास आणि शेवटी 'काळजी घ्या' असे सगळे त्याने सांगितले. सुमित बाल्कनीत जाऊन रडला. मी आतून पाहत होते. मला मरणाची भीती वाटते, हे इथे लिहून ठेवते. नाही वाटत असे म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

आता वाटणी.

कलम एक. जुळे सोलापुरातली माझी सदनिका मुलगा सुमित यास मिळावी. सुमित पुण्यात एका कंपनीत यंत्राला मराठी बोलायला शिकवत होता. यंत्र शिकले, सुमितची नोकरी गेली. मी जन्मभर मुलांना शिकवले, पण एकही विद्यार्थी माझ्या खुर्चीवर येऊन बसला नाही, याचे मला त्या दिवशी समाधान वाटले. सुमितला उद्या परत यायची वेळ आली तर हक्काचे दार असावे, म्हणून घर त्याला. अट एकच. त्याची मुलगी संघप्रिया माझ्याजवळ राहून इथे कॉलेजात शिकते, तिची खोली तिला पाहिजे तोवर तिचीच राहील.

कलम दोन. माझे पती यशवंत एसटीत कंडक्टर होते. त्यांचा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा कपाटात आहे, तोही सुमितला. यांत्रिक तिकिटे आली तेव्हा यशवंत म्हणाले होते, "केसर, आता गाडी बंद पडायच्या आधी मशीन बंद पडतंय." चिमटा अजून चालतो.

कलम तीन. बँकेत जे असेल ते संघप्रियाच्या शिक्षणासाठी. तिने एक परीक्षा दिली, तिचा पेपर फुटला. दुसरी दिली, तेव्हा केंद्रावरचे संगणक बसले. तिसरीची तारीख पुढे गेली आहे. पोरगी आता तारखांचे नावच काढत नाही. संघप्रिया, तुला शिकायचे ते शीक, या लोकांच्या तारखांवर आपले वय मोजू नकोस.

कलम चार. माझा देह सरकारी वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा. प्रवेश परीक्षेशिवाय आणि देणगीशिवाय वैद्यकीयला प्रवेश मिळवणारी आमच्या घराण्यातली मी पहिली. घरी त्रिशरण, पंचशील म्हणावे, लोकांना चहा द्यावा आणि मोकळे व्हावे. चौकात माझ्या फोटोचा फ्लेक्स लावू नये. आपल्याकडे वाढदिवसाचा आणि श्रद्धांजलीचा फ्लेक्स एकाच फोटोवर होतो, आणि लोक खालून जाताना शुभेच्छा देतात.

कलम पाच. हे कलम फळ्याचे आहे. लांबेल.

आमच्या चौकात, कॉलनीच्या कुंपणाच्या भिंतीला टेकवून जो लाकडी फळा उभा आहे तो माझ्या मालकीचा आहे. रोज सकाळी मी त्यावर वर एक बातमी लिहिते आणि खाली एक शेरा. दुचाकीवाले एक पाय खाली टेकवून वाचतात. रिक्षावाले बिरुदेव मागच्या सीटवरच्यांना मोठ्याने वाचून दाखवतात आणि शेरा पटला तर हॉर्न वाजवतात.

काही शेरे लोकांच्या लक्षात राहिले, म्हणून नमूद करते. बातमी होती: राज्याचे कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरण येणार. शेरा: नैसर्गिक बुद्धिमत्तेची भरती अजून बंद आहे. बातमी: शाळेत कोणती भाषा कितवीपासून यावर वाद. शेरा: वर्गाला शिक्षक नाही हे मुलांना कोणत्या भाषेत सांगायचे, ते ठरत आहे. बातमी: अमुक नेते तमुक पक्षात. शेरा: आमच्या शाळेत दाखला आणल्याशिवाय वर्ग बदलता येत नसे. या तिसऱ्या शेऱ्यानंतर फळ्यावर कोणीतरी शेण फासले. मी तो धुतला आणि दुसऱ्या दिवशी लिहिले: काल सेंद्रिय प्रतिक्रिया मिळाली, आभारी आहे.

लोकांना वाटते, बाईंना निवृत्तीनंतर वेळ जात नाही म्हणून हा उद्योग. तसे नाही. हा फळा कुठून आला ते आजवर मी चौकात सांगितले नाही. इथे सांगते, कारण पुढच्या अटी त्यावरच उभ्या आहेत.

वेळापूरच्या पलीकडे एका गावात मी मुख्याध्यापिका होते. गावाचे नाव लिहीत नाही, कारण दोष गावाचा नाही. शाळा जुनी, दगडमातीची. तिसरीच्या वर्गात हा फळा भिंतीवर होता आणि फळ्याच्या कोपऱ्यापासून खालपर्यंत भिंतीला तडा गेला होता. त्या वर्षी बोलक्या भिंतींचा हुकूम आला. भिंतींवर चित्रे, नकाशे, पाढे रंगवायचे, म्हणजे भिंती मुलांशी बोलतात. मी वर कळवले की आमची भिंत आधीपासून बोलते आहे, तिला सिमेंट पाहिजे. उत्तर आले की निधी रंगाचा आहे, सिमेंटचा नाही.

रंगवायला कोंडीबा पेंटर आले. त्यांनी तड्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, फटीत लांबी भरून उपेग न्हाय, परत फुटतंय. नकाशाच काडायचाय तर हिला भीमा करू की." आणि खरोखर, तड्याचे वळण पाहून त्यांनी भोवती जिल्ह्याचा नकाशा बसवला आणि तड्यावर निळा रंग दिला. तपासणीला आलेल्या साहेबांनी त्या नदीचे फार कौतुक केले. फोटो वरपर्यंत गेले.

तिसरीत वैष्णवी नावाची मुलगी होती, सारजाबाईंची. सारजाबाई उसाच्या फडात कामाला जायच्या, वैष्णवी सगळ्यांच्या आधी शाळेत यायची. तिला त्या नदीवरून बोट फिरवायचा नाद. एके दिवशी मला म्हणाली, "बाई, भीमा रुंद झालीया. आदी माजं बोट आत जात न्हवतं, आता जातंय."

त्याच महिन्यात डिजिटल वर्गाची घोषणा झाली. मोठा पडदा, आणि चोरीला जाऊ नये म्हणून त्याला लोखंडी पेटी. ती नेमकी त्या भिंतीवर बसवायची, कारण फोटोत मागे नकाशा चांगला दिसतो. मी बैठकीत उभी राहिले आणि वैष्णवीचे वाक्य जसेच्या तसे सांगितले. साहेब हसले. म्हणाले, "पावसाळा आहे बाई, नदी रुंद होणारच." सगळी बैठक हसली. मग ते गंभीर होऊन म्हणाले, "केसरबाई, तुम्हाला तंत्रज्ञानाचं वावडं आहे." आठवड्याच्या आत माझी बदली झाली.

मी आयुष्यभर थट्टा केली आणि माझी झालेलीही सहन केली. ही एक थट्टा मी माफ केलेली नाही. मेल्यावरही करणार नाही, हे या मृत्युपत्राने जाहीर करते.

उद्घाटन झाले. शाळेची वीज बिल थकल्यामुळे तोडलेली होती, म्हणून शेजारच्या धुळाप्पांच्या विहिरीवरच्या मोटारीतून वायर ओढली. पाहुण्यांनी रिमोट दाबला, पडद्यावर फुलपाखरू उडाले, टाळ्या झाल्या, पाहुणे गेले, वायर परत मोटारीला लागली. त्यानंतर पडदा कधी लागला नाही. पेटीचे बोल्ट नदीच्या दोन्ही काठांना ठोकले होते.

परतीच्या पावसात, शाळा भरायच्या वेळी, ती भिंत पडली. खाली वैष्णवी होती. सगळ्यांच्या आधी आली होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: शाळेतील महागडी डिजिटल यंत्रणा जमीनदोस्त. मुलीचे नाव शेवटच्या ओळीत होते, तेही चुकलेले. चौकशी समिती नेमली गेली. बातमी संपली.

पडद्याला जागा करायला उतरवलेला हा फळा तेव्हा पोषण आहाराच्या खोलीमागे भंगारात पडला होता. त्याच वर्षी मी निवृत्त झाले आणि भंगाराच्या लिलावात तो रीतसर विकत घेतला. बिरुदेवांनी तो टेम्पोत टाकून सोलापूरला आणला. पहिल्या दिवशी मी त्यावर बातमी दुरुस्त करून लिहिली. वर मुलीचे नाव, खाली पडदा. तेव्हापासून थांबले नाही. बाकीचे सगळे शेरे, ज्यांना तुम्ही हसलात, ते लोकांनी त्या फळ्याकडे रोज बघायची सवय ठेवावी म्हणून होते.

दरवर्षी भिंत पडल्याच्या तारखेला फळ्यावर बातमी नसते. त्या दिवशी मी एवढेच लिहिते: "वैष्णवी. इयत्ता तिसरी. चौकशीचा अहवाल आलेला नाही." आणि त्या दिवशी सारजाबाईंचा फोन येतो.

"बाई, लिवलं का?"

"लिहिलं."

"त्यांचं काय आलं का?"

"नाही आलं."

"बरं. समद्यांनी वाचलं न्हवं नाव? मग ठीक हाय."

एवढेच बोलणे. दुसरे काही आम्ही कधी बोललो नाही.

तर अटी अशा. फळा संघप्रियाला मिळावा. तिचे अक्षर माझ्याहून चांगले आहे आणि जीभ माझ्याहून वाईट, दोन्ही कामाचे आहे. रोज लिहिणे तिच्यावर बंधनकारक नाही, तिचे वय तिने जगावे. वर्षातला तो एक दिवस मात्र बंधनकारक आहे.

मी मरेन त्या दिवशी फळ्यावर माझे नाव लिहू नये. त्या दिवशीची जी बातमी असेल ती लिहावी. खालचा शेरा मी आताच देऊन ठेवते: "चौकशी सुरू आहे." कोणत्याही बातमीला चालेल.

आमच्या कॉलनीचे अध्यक्ष श्री. शिवराज यांना नगरसेवक व्हायचे आहे. माझे दुखणे कळल्यावर ते सफरचंदे घेऊन आले आणि म्हणाले, "बाई, तुमच्या नंतर फळ्याच्या जागी आपण मोठी एलईडी स्क्रीन लावू. तुमच्या नावानं! भिंतीलाच ठोकून टाकू." माणूस वाईट नाही, सफरचंदेही चांगली होती. पण कुंपणाची ती भिंत खालून ओलावली आहे आणि संध्याकाळी तिला टेकून मुले बसतात. म्हणून स्पष्ट लिहिते: माझ्या नावाने कोणतीही स्क्रीन कोणत्याही भिंतीवर लावू नये. श्री. शिवराज यांना या मृत्युपत्रान्वये काहीही मिळत नसल्याने ते साक्षीदार होण्यास कायद्याने पात्र ठरतात. मी त्यांना तसे बोलावले आहे.

कलम सहा. माझा बटणांचा साधा मोबाइल संघप्रियाला. सुमित त्याला खेळणे म्हणतो. तो फेकू नये आणि नंबर बंद पडू देऊ नये. सारजाबाईंना वाचता येत नाही. हा नंबर त्यांनी कोणाकडून तरी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून घेतला आहे, आणि आकड्यांचे आकार बघून त्या बटणे दाबतात. दुसरा नंबर त्यांना कोणी देऊ नये. दिलाच तर त्या एवढेच समजतील की बाईसुद्धा थकल्या.

त्या दिवशी फोन आला की संघप्रियाने उचलावा. मी गेल्याचे आधी सांगावे, लपवू नये, त्यांनी याहून मोठे ऐकलेले आहे. मग त्या विचारतील, लिवलं का. हो म्हणता आले पाहिजे.

कलम सात. अहवाल येईल असे मला वाटत नाही. पण कायद्याच्या कागदात शक्यता धरावी लागते, म्हणून लिहिते. आलाच, तर तो संघप्रियाने सारजाबाईंच्या घरी जाऊन त्यांना सगळा वाचून दाखवावा, अवघड शब्द सोपे करून सांगावेत. मग फळ्यावरचे तिसरे वाक्य पुसावे. नाव आणि इयत्ता पुसू नये.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून, वाचून, बरोबर आहे असे पाहून सही केली. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही, आणि यानंतर करण्याइतका वेळ मिळेल असे दिसत नाही.

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १९ ऑगस्ट २०२५

सही: केसरबाई यशवंत सर्वगोड

आमच्या समक्ष बाईंनी सही केली व बाईंच्या समक्ष आम्ही केली:

साक्षीदार १: बिरुदेव, रिक्षाचालक. (सर्व वाचले. फळ्याला दर पावसाळ्याआधी तेल मी देईन.)

साक्षीदार २: शिवराज, अध्यक्ष. (सर्व वाचले. स्क्रीनचा विषय मागे घेतो. भिंत उद्या बघून घेतो.)