काळी नखं

आई,

मी पन्हाळ्याच्या शर्यतीला गेलेय. दुपारपर्यंत येते. चहा करून ठेवलाय, तेवढा गरम करून घे.

काल बघायला आलेल्या मुलाच्या मावशीनं माझ्या पायाची काळी नखं बघून विचारलं, तवा तू पटकन ‘दार लागलं’ म्हणालीस. मी गप बसले. राग आला न्हाय, रडूबी आलं न्हाय. पावणं गेल्यावर पोह्याच्या बशा विसळल्या आणि झोपले.

तुला एक सांगायचं राहिलंय. पळायचे बूट एक नंबर मोठे घ्यावे लागतात. तू आणलेले अगदी मापाचे निघाले. गडाच्या उतारावर बोटं पुढं आपटून नखं काळी पडली. तू हौसेनं आणलेलेस, म्हणून बोलले न्हाय. आज जुनेच घालून चाललेय.

त्यांचा फोन आला तर दार लागलं न्हवतं, पोरगी पळती, एवढं सांग. त्यावरबी होकार दिला तर बघू.

नवे बूट दारामागं हायत. तुझ्या पायाला बसतील, चालायला जाताना घाल. चावले तर सांग की, माझ्यासारखी गप बसू नकोस.

वर्षाराणी