पेलेटची पिशवी आणि लोकरी टोपी

ती. बाबा,
ग्लासगोजवळच्या गावातून धम्मशीलाचा जय भीम.

आमचं घर तापवणारा बॉयलर पेलेटवर, म्हणजे भुसा दाबून केलेल्या कांड्यांवर चालतो. यंदा मी सगळ्यात स्वस्त पिशव्या मागवल्या. आत निम्मा चुराच निघाला आणि बॉयलर तुंबला.

तुम्ही वखारीत दोन लाकडं आपटून ओलं-सुकं ओळखता ना, तसंच आता मी करते. आधी एकच पिशवी आणून कांडी मोडून पाहते. कट्ट वाजली तर माल सुका. मधल्या भावात चांगला मिळाला. घर उबदार आहे.

तुमचा खोकला कमी झाला का? वखारीत तोंडाला रुमाल बांधता ना?

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, घरात टोपी कशाला. मी म्हटलं, फॅशन आहे. तेव्हा बॉयलर चार दिवस बंद होता. टोपी आता खुंटीवर आहे.

तुमची,
धम्मशीला