एकाच पान्याची दोन बुचं

गुंजवणे, ता. वेल्हे
(आता राजगड तालुका म्हणायचं, पण जिभेला अजून सवय नाही.)
१४ नोव्हेंबर २०२५

चि. चिमाजीभावजींना वहिनीचा आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत, असं पत्रात आधी लिहायचं असतं, म्हणून लिहिलं. भाताची कापणी उरकली. तुमच्या भावाची तब्येत आहे तशी आहे. फोन करावा तर घर एवढंसं, पलंगावरून यांना सगळं ऐकू जातं. आणि मोबाईलवर मी कितीही लिहिलं तरी तुमच्याकडून एक अंगठा येतो. चिंचवडहून एवढ्या लांब आलेला अंगठा बघून आम्ही धन्य होतो. म्हणून पत्र.

तुम्ही पाठवलेलं गिऱ्हाईक येऊन गेलं. पानशेतकडचे रिसॉर्टवाले. पांढरे बूट घालून आमच्या शेणात उतरले. आपली जीप त्यांना फाटकाशी उभी करायचीय, बॉनेटमध्ये शेवंती लावून, म्हणजे पुण्याची माणसं तिच्याशेजारी फोटो काढतील. "इंजिन नसलं तरी चालेल," म्हणाले. जिनं शिटा कोंबकोंबून भोर-वेल्हे वडाप ओढली, अडलेल्या बाळंतिणी वेळेवर पोचवल्या, तिची शेवटी कुंडी. हे आतून ओरडले, "कोण हाय?" मी म्हटलं, "माळी हाय."

विकायची नाही. का, ते ऐका. तुमच्या भावानं तिच्या मागच्या हौसिंगला बुचं बसवून घेतलीत. हसू नका. तुम्ही गाडी चालवलीत, पण तिच्याखाली कधी झोपला नाहीत, म्हणून सांगते. मागच्या दोन चाकांच्या मधला तो लोखंडी गोळा, ज्यात दातेरी चाकं तेलात फिरतात, तो आपला फुटला तेव्हा यांनी जुन्या बाजारातून भलत्याच गाडीचा आणून बसवला होता. त्याला तेल भरायला भोक नाही, सोडायलाही नाही. तेल बदलायचं तर पाठीवर पडून अख्खं झाकण खोलायचं, जुनं तेल तोंडावर घ्यायचं, झाकण परत चिकटवायचं आणि हवेच्या बारीक भोकातून नवं तेल पेजेसारखं पाजायचं. इतकी वर्षं हे त्यांनी निमूट केलं. आणि आता, उठून बसायलाही माझा हात लागतो तेव्हा, यांना बुचं सुचली.

भोरला सोनबा मिस्त्रीकडे गाडी नेली. चालवली मी, हे शेजारी उशीला टेकून. लायसन आहे माझ्याकडे. पॅसेंजर देवाचं नाव घेत चढतील, एवढंच.

मिस्त्री म्हणाला, "नाथाभाऊ, येवडी वर्सं झाकण काडून भागलं की. आता कशाला चिरफाड?"

हे खुर्चीतून म्हणाले, "आतलं समदं भाईर काड आदी. लोखंडाचा कीस आत ऱ्हायला तर दाते खाईल."

सगळं काढलं, दोन भोकं पाडली, आटे पाडलेल्या कड्या वेल्डिंगनं बसवल्या. सोडायचं बूच खाली, पण अगदी बुडाला नाही. तिथं असतं तर आपल्या रस्त्यावरच्या पहिल्याच दगडानं उडवून नेलं असतं. भरायचं वर. तिथून तेल सांडायला लागलं की पोट भरलं समजायचं.

मग पान्यावरून वाद. यांना दोन्ही बुचांना एकच पाना हवा, आणि त्याला हातभर नळीचा दांडा.

"येवडा लांब? तुमचा हात आखूड झाला व्हय?"

"माजा न्हाई. हिला जोर कमी लागाय पायजे."

मिस्त्रीनं नळी उचलून मापाला लावली. मी चहा सांगायला बाहेर गेले. चहा कुणालाच नको होता.

भावजी, पुण्याच्या डॉक्टरांनी या वेळी पुढची तारीख दिली नाही. रांगेतल्या सगळ्यांना दिली. मी परत जाऊन विचारलं, तर खिडकीतली बाई हळू आवाजात म्हणाली, घरी न्या, आवडेल ते खायला द्या. यांना मी सांगितलं, औषध लागू पडलंय. यांनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी बुचांचं काढलं.

परवा अंगणात माझी परीक्षा झाली. हे खुर्चीत, मी गाडीखाली. "आदी वरचं सोड. वरचं सुटतंय ह्याची खात्री झाल्याबिगर खालच्याला हात न्हाई लावायचा. न्हाईतर समदं सांडून बसशील, अन् भरायला वाट न्हाई." सोडलं. मिस्त्रीनं तात्पुरतं परत ओतलेलं जुनं काळं तेल घमेल्यात काढलं, नवं भरलं, बुचं आवळली. एकटीनं. बाहेर आले तर हे डोंगराकडे तोंड करून बसलेले.

"जमलं का?" मी विचारलं.

"तुला जमंल," म्हणाले.

तर वडाप मी चालवणार आहे. घर त्यावर चालायचंय. कागदावर तुमचंही नाव आहे, तेव्हा गिऱ्हाइकाला तुम्हीच नाही सांगा. मदत म्हणून पाठवलंत, कळतं मला. आजारी भाऊ बघवत नाही म्हणून स्वतः आला नाहीत, तेही कळतं. मला रोज बघवतं असं समजू नका.

हे तुमचं नाव काढत नाहीत. फक्त संध्याकाळची एसटी वाजली की उशी उंच करायला सांगतात. थांब्यावर कोण उतरतं ते पलंगावरून दिसतं.

दहाव्याला तुम्ही याल, सगळ्यांच्या पुढे उभे राहाल, माहीत आहे. त्या दिवशी माझ्या दारात खंडीभर माणसं असतील. तेव्हाचं येणं मी धरणार नाही. आत्ता या. बोलायला काही सुचलं नाही तर गाडीबद्दल बोला. तुम्हा भावांना दुसरं कधी बोलता येत होतं?

तुमची वहिनी,
सौ. अश्विनी
(नावाआधीचं हे अक्षर अजून माझं आहे. तोवर या.)